फाशी आणि जन्मठेपेच्या पर्यायांवर वादविवाद कसा करावा

फाशीच्या शिक्षेवरचा वादविवाद मुंबईत बहुधा एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी ताजी असतानाच ठरतो, आणि म्हणून तो पहिल्या पाच मिनिटांतच अडतो. एक बाजू म्हणते की अशा नराधमाला जगण्याचा हक्क नाही, दुसरी म्हणते की जीव घेण्याचा हक्क राज्यालाही नाही, आणि पुढचा सगळा वेळ हीच दोन वाक्ये चढत्या आवाजात म्हटली जातात. फाशी द्यायची नाही तर त्या माणसाचे नेमके काय करायचे, आणि आजची जन्मठेपही कुणाला अपुरी तर कुणाला अमानुष वाटत असेल तर तिच्या जागी काय आणायचे, या प्रश्नापर्यंत सभा पोहोचतच नाही. महाविद्यालये, वाचनालये आणि वकिलांची अभ्यासमंडळे यांना ही चर्चा नीट घडवून आणता यावी, म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: शिक्षेचे नुसते नाव घेणे म्हणजे पर्याय देणे नव्हे. ती शिक्षा किती काळाची, तिचा फेरविचार कोण करणार, केव्हा आणि कशाच्या आधारे करणार, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना त्या प्रक्रियेत कोणते स्थान असणार, एवढे सांगितल्याशिवाय कोणताही पर्याय पूर्ण झाला असे मानू नये.

ठराव आणि त्याचे शब्द

‘फाशीची शिक्षा रद्द करावी’ असा ठराव ठेवला की वक्ते फाशीवर बोलतात आणि पर्याय शेवटच्या मिनिटात उरकतात. त्याऐवजी पर्याय ठरावातच घालावा. उदाहरणार्थ, ‘खुनाच्या अतिगंभीर गुन्ह्यांत फाशीऐवजी जन्मठेप द्यावी आणि पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर न्यायाधीशाने तिचे पुनर्विलोकन करावे’ असा ठराव असेल, तर बाजूने बोलणाऱ्याला पंचवीसच का, वीस किंवा तीस का नाहीत, याचे उत्तर द्यावे लागते आणि विरोधकालाही केवळ संताप व्यक्त करून भागत नाही. विरोधक दोन दिशांनी येऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावे. काहींना ही शिक्षा फार सौम्य वाटेल, काहींना फार कठोर. दोन्ही मतांना वेळ द्यायचा असेल तर दोन बाजूंऐवजी तीन गट करणे उत्तम.

दहशतवादाचे गुन्हे ठरावात धरायचे की वगळायचे, हे आधीच ठरवावे. न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील २६२ व्या अहवालात दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे एवढे अपवाद ठेवून बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. १९९३, २००६ आणि २००८ हे तिन्ही आघात सोसलेल्या या शहरात तो अपवाद न बोलता सोडून देणे श्रोत्यांना अप्रामाणिक वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

आधी कायदा, मग मत

वक्त्यांनी सर्वांत आधी मूळ कलमे वाचावीत. परळच्या एका वाचनालयात झालेल्या चर्चेत विधी शाखेचा एक विद्यार्थी तावातावाने म्हणाला, “चौदा वर्षांनी तो सुटणारच, मग फाशीशिवाय दुसरा उपाय कोणता?” अध्यक्षस्थानी एक निवृत्त सरकारी वकील होत्या. त्यांनी त्याच्या हातात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची प्रत दिली आणि म्हणाल्या, “कलम ४७५ वाचून दाखव, सावकाश.” त्याने वाचले, थांबला, पुन्हा वाचले आणि म्हणाला, “मॅडम, यात सोडावे असे म्हटलेलेच नाही. चौदा वर्षे भरल्याशिवाय सोडू नये, एवढेच आहे.” त्यानंतर तो त्याच बाजूने बोलला, पण पुष्कळ चांगले बोलला.

ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यासाठी जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सुटका नाही, असे हे कलम सांगते. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ते ४३३-अ होते. चौदा ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९६१ मध्येच स्पष्ट केले. वीस वर्षांचा जो उल्लेख कायद्यात सापडतो तो शिक्षेचा अंश काढण्याच्या हिशेबासाठी आहे. सुटका होते ती शासनाने शिक्षेत सूट दिली तर, आणि ती सूट मिळणे हा कैद्याचा हक्क नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे अनुच्छेद ७२ व १६१ खालील दयेचे अधिकार याहून वेगळे आहेत. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल यांना सुटका समजणे ही आणखी एक नेहमीची गल्लत आहे. रजेवर गेलेला बंदी परत येतो, त्याची शिक्षा संपलेली नसते.

फाशीबाबतचा कायदाही तितक्याच काळजीने मांडावा. बच्चनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९८० च्या निकालात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी वैध ठरवली, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांपुरती आणि दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तेव्हाच. पर्यायांची चर्चा ही फाशीच्या विरोधकांनी काढलेली पळवाट नव्हे, ती या कसोटीच्या पोटातच आहे, हे बाजूने बोलणाऱ्याने ठासून सांगावे. फाशी देताना विशेष कारणे नोंदवणे न्यायाधीशावर बंधनकारक आहे आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२२ च्या निकालाने आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी, मानसिक आरोग्य आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करण्याचे निर्देश दिले. हा निकाल प्रत्येक वक्त्याने वाचावा, कारण पर्यायी शिक्षेसाठीही हीच माहिती लागते.

पर्याय तपासताना

फाशीला विरोध करणारा वक्ता सर्वांत सहज सुचवतो तो पर्याय म्हणजे कोणतीही सूट नसलेला, मरेपर्यंतचा कारावास. ऐकणाऱ्यांनाही तो पटतो, कारण त्यात जीव घ्यावा लागत नाही आणि गुन्हेगार पुन्हा रस्त्यावर दिसत नाही. चर्चेचा सर्वाधिक वेळ इथेच द्यावा, कारण हा पर्याय दिसतो तितका सोपा नाही.

स्वामी श्रद्धानंद विरुद्ध कर्नाटक राज्य या २००८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा विचार केला की फाशी फार जास्त आणि चौदा वर्षांनी सुटण्याची शक्यता असलेली जन्मठेप फार कमी वाटते, अशा प्रकरणांत न्यायालयापुढे मधला मार्ग असला पाहिजे. म्हणून त्याने सूट न देता ठरावीक वर्षांची किंवा आयुष्यभराची शिक्षा देण्याचा मार्ग काढला. २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला, मात्र हा अधिकार फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयाला आहे, सत्र न्यायालयाला नाही. मुंबईकरांना जवळचे उदाहरण शक्ती मिलमधील सामूहिक बलात्काराचे आहे. २०१३ च्या त्या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये तिघांना फाशी ठोठावली. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप दिली आणि पॅरोल व फर्लोही नाकारले. मृत्यूने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असा विचार त्या निकालात आहे. त्या वेळी शहरात या निकालावर रोषही पुष्कळ होता, आणि तो रोष चर्चेत यायलाच हवा.

आता या पर्यायाला अवघड प्रश्न विचारावेत. पश्चात्ताप व्हावा म्हणून जीव राखायचा असेल, तर पश्चात्ताप खरोखर झाला आहे का हे पाहण्याची सोय त्याच शिक्षेत का नसावी? वयाच्या बाविसाव्या वर्षी आत गेलेला माणूस सत्तराव्या वर्षी कोण असेल, हे निकालाच्या दिवशी न्यायाधीशाला कळू शकते का? चांगल्या वर्तनाचा कोणताच उपयोग नसलेल्या बंद्याला शिस्तीत ठेवणे तुरुंगाधिकाऱ्यांना कसे जमते? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये, ब्रिटनमधील कैद्यांच्या प्रकरणात, पुनर्विलोकनाची कोणतीच आशा नसलेली आजन्म कैद ही अमानुष वागणूक ठरते, असा निर्णय दिला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले होते की जन्मठेप झालेल्यालाही कधीतरी मोकळे होण्याची प्रत्यक्षात येऊ शकेल अशी संधी हवी. माझे मत असे की या प्रश्नांना उत्तर न देता मरेपर्यंतच्या कैदेला ‘मानवी पर्याय’ म्हणणे ही आपलीच समजूत घालणे आहे. अर्थात कुणी ही कठोरता जाणूनबुजून स्वीकारून तिचे समर्थन केले, तर ती भूमिका प्रामाणिक आहे आणि तिला पूर्ण वेळ द्यावा.

दुसरा पर्याय ठरावीक मुदतीचा आहे. सूट न देता वीस, पंचवीस किंवा तीस वर्षे, असे आकडे आपल्या वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांत आता नेहमी दिसतात. याची बलस्थाने उघड आहेत: पीडित कुटुंबाला तारीख कळते, बंद्यालाही कळते आणि शासनाच्या मर्जीला वाव उरत नाही. उणीव अशी की एका प्रकरणात पंचवीस आणि तशाच दुसऱ्या प्रकरणात तीस का, याचे कोष्टक कायद्यात नाही. विरोधी वक्त्याने इथेच बोट ठेवावे. पोर्तुगालने १८८४ मध्येच जन्मठेप रद्द केली आणि तिथे आज कमाल मुदत पंचवीस वर्षे आहे, पण ती कायद्याने ठरलेली आहे, प्रकरणागणिक नव्हे.

तिसरा मार्ग म्हणजे किमान मुदत आणि त्यानंतर ठरलेल्या अंतराने न्यायिक पुनर्विलोकन. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, जिथे नरसंहाराचे खटले चालतात आणि फाशी मुळात नाहीच, जन्मठेपेचे पुनर्विलोकन पंचवीस वर्षांनी होते. नॉर्वेत साधारण कमाल शिक्षा २१ वर्षांची आहे, मात्र धोकादायक ठरलेल्याची स्थानबद्धता न्यायालय एका वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवत नेऊ शकते. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. पण नॉर्वेचे नाव घेऊन थांबणारा वक्ता अर्धेच काम करतो. आपल्याकडे पुनर्विलोकन करणारे मंडळ कुणाचे असेल, त्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठून येतील, तुरुंगातील पंचवीस वर्षांच्या नोंदी कोण ठेवील, हे त्याने सांगितले पाहिजे. सूट देण्याची प्रक्रिया ढिली असली की काय होते, याचे उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार व हत्यांचा एक खटला मुंबईत वर्ग होऊन २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात शासनाने त्यांना सोडले, आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालल्यामुळे तो अधिकार गुजरातचा नव्हताच. पुनर्विलोकनाच्या बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण विरोधकाने काढण्याआधी स्वतःच काढावे आणि आपल्या योजनेत असे का घडणार नाही, ते दाखवावे.

खुले कारागृह हा फाशीचा पर्याय म्हणून मांडू नये, लांब शिक्षेतला एक टप्पा म्हणून मांडावा. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केली. तिथे खुनाच्या गुन्ह्यातले बंदीही कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत. इतका जुना प्रयोग आपल्याच राज्यात असताना वक्त्यांना परदेशांचेच दाखले आठवावेत, याचे मला नेहमी वाईट वाटते. समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेत आली आहे, पण ती किरकोळ गुन्ह्यांसाठी आहे, या चर्चेत तिला जागा नाही. पुनर्स्थापक न्याय, म्हणजे गुन्हेगार व पीडित यांची मध्यस्थासमवेत समोरासमोर भेट, हा खुनाच्या प्रकरणात शिक्षेसोबत आणि पीडित कुटुंबाची इच्छा असली तरच असावा. तो शिक्षेऐवजी मांडणाऱ्याला सभा ऐकून घेणार नाही.

पुरावा आणि उदाहरणे

फाशीने जरब बसते की नाही, यावर दोन्ही बाजू फार वेळ घालवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले की त्यांवरून जरब बसते किंवा बसत नाही, असा कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून अध्यक्षांनी या मुद्द्याला प्रत्येकी दोन मिनिटांची मर्यादा घालावी.

न्यायालयाकडून होणाऱ्या चुकीचा मुद्दा मात्र सविस्तर यावा, कारण फाशी परत घेता येत नाही. महाराष्ट्रातील भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली किंवा जन्मठेपेवरून वाढवून दिली, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. उपनगरी गाड्यांतील २००६ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले. त्यानंतर लगेच सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. हे उदाहरण देताना दोन्ही निकाल सांगावेत, अर्धे सांगू नये. ज्यांनी त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर आपले माणूस गमावले असे कुणी सभागृहात असू शकते, याचेही भान ठेवावे. त्यांच्या बाजूने पाहिले तर चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय असतो, आणि हा मुद्दा फाशीच्या दोन्ही बाजूंना मान्य करावा लागेल.

शिक्षेतील असमानतेसाठी हरबन्ससिंग प्रकरणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. एकाच गुन्ह्यात सारखाच वाटा असलेल्या तिघांना फाशी झाली होती. एकाला १९८१ मध्ये फासावर दिले गेले, दुसऱ्याची फाशी त्याआधीच जन्मठेपेत बदलली होती, आणि तिसऱ्याच्या अर्जावर विचार करताना ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानात आली. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली येथील अभ्यासकांनी २०१६ च्या अहवालासाठी फाशीच्या ३७३ बंद्यांशी बोलून नोंदवले की त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते.

फाशीच्या समर्थकांकडेही बळकट युक्तिवाद आहेत, आणि ते दुबळ्या वक्त्याच्या हाती देऊ नयेत. काही कृत्ये इतकी घोर असतात की त्यांना तितकेच गंभीर उत्तर दिले नाही तर समाज बळीच्या जिवाची किंमत कमी लेखतो, हा विचार केवळ सूडाचा म्हणून उडवून लावता येत नाही. तुरुंगातला दहशतवादी ओलिसांच्या बदल्यात सुटू शकतो, हे डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला तिघांना सोडावे लागले तेव्हा देशाने पाहिले आहे. आधीच जन्मठेप भोगणाऱ्याने आत खून केला तर त्याला आणखी काय शिक्षा देणार, हाही खरा प्रश्न आहे. दुसरीकडे, ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच रद्द करणे अधिक योग्य ठरेल, असे मत मांडले होते, हे महाराष्ट्रातल्या चर्चेत तरी विसरले जाऊ नये.

सभा चालवताना

पीडितांचा प्रश्न शेवटी आठवण म्हणून येऊ नये. दादरच्या एका सभेत सगळी भाषणे झाल्यावर मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या. त्यांच्या पुतण्याचा खून झाला होता. त्यांनी फाशी मागितली नाही. “तो रजेवर कधी येतो, कधी जातो, ते आम्हाला गल्लीतली पोरं सांगतात. कोर्टाचं, पोलिसांचं एक पत्र नाही. तुमच्या पर्यायात आम्हाला पत्र येईल का?” असे त्यांनी विचारले. व्यासपीठावरच्या एकाही वक्त्याने याचा विचार केलेला नव्हता. म्हणून प्रत्येक पर्यायासोबत कुटुंबाला रजेची व सुनावणीची सूचना मिळणे, पुनर्विलोकनात त्यांचे म्हणणे ऐकले जाणे आणि कायद्यात असलेली भरपाई प्रत्यक्ष हाती पडणे, या तीन गोष्टींचे उत्तर वक्त्याकडून मागावेच. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी आहे. खून झालेल्यांच्या कुटुंबांसाठी याच धर्तीवर काय करता येईल, हा स्वतंत्र ठरावाचा विषय होऊ शकतो.

गुन्ह्याचे तपशील, विशेषतः लैंगिक अत्याचाराचे, रंगवून सांगण्यास अध्यक्षांनी सुरुवातीलाच मनाई करावी. पीडितेचे नाव घेऊ नये, आरोपीच्या जातीधर्माचा उल्लेख युक्तिवाद म्हणून चालू देऊ नये. जो खटला न्यायालयापुढे प्रलंबित आहे त्यात आरोपी दोषीच आहे असे धरून बोलू देऊ नये. शक्य असेल तर तुरुंगांत काम केलेल्या एखाद्या समाजकार्यकर्त्याला बोलवावे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत काम करतो, आणि अशा कामातल्या माणसांना नाशिकरोड किंवा येरवड्याच्या मुलाखतीसाठी मुंबईहून जाणाऱ्या आईचा दिवस कसा जातो, हे पुस्तकांपेक्षा चांगले सांगता येते.

शेवटी मत घ्यायचे असेल तर हात वर करायला सांगू नये, कारण शेजारी कोण बसले आहे यावर हात ठरतो. सुरुवातीला आणि शेवटी तोच छोटा कागद वाटावा. त्यावर एका खऱ्या निकालाची चार ओळींत, नावे वगळून, हकिकत लिहावी आणि खाली विचारावे: कोणती शिक्षा, किती वर्षांनी पुनर्विलोकन, आणि ते कोणी करावे. दोन्ही कागदांवर श्रोत्याने स्वतः निवडलेले एकच चिन्ह असावे, म्हणजे नाव न विचारता जोड्या लावता येतात. निकाल जाहीर करताना कोणती बाजू जिंकली ते न सांगता, किती जणांनी दुसऱ्या कागदावर वर्षांचा आकडा किंवा पुनर्विलोकन करणाराचे नाव बदलले, ते वाचून दाखवावे.